अक्काच्या शिबिराचं फाटक

अक्का,

तू गेल्यावर आमच्या घरात पहिला खरा प्रश्न जान्हवीने विचारला. तुझे तेरा दिवस अजून पुरे व्हायचे होते. दाजीबानपेठेतलं आपलं कापडाचं दुकान बंद, घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ, आणि ही पोरगी माझ्या शेजारी सतरंजीवर येऊन बसली नि हळूच म्हणाली, "अप्पा, माझं शिबिर होणार ना?"

मी म्हटलं, "बघू."

माझ्या 'बघू'चा अर्थ तुला माझ्यापेक्षा चांगला माहीत. जान्हवीला दमा आहे हे कळल्यापासून दर उन्हाळ्यात तू विचारायचीस, "विन्या, यंदा तरी पोरीला पाठवतोस काय शिबिराला?" आणि दर उन्हाळ्यात मी 'बघू' म्हणून सुटायचो. यंदा संक्रांतीला तू माझ्या हातावर तिळगूळ ठेवलास आणि हात सोडलाच नाहीस. "होय म्हण, मग सोडते." तुझी भावजय सुनंदा पदर तोंडाला लावून हसत होती, जान्हवी खुर्चीवर चढून बघत होती. मी होय म्हटलं. दम्याच्या मुलांचं शिबिर, धारवाडबाहेर केलगेरीच्या वाटेवरच्या शाळेत, मे महिन्यात आठवडाभर, आणि आई-बापांनी फाटकाच्या बाहेर. एवढं सगळं मी त्या एका तिळगुळापायी कबूल केलं.

आणि चैत्रात तू गेलीस. दम्यानेच गेलीस. आता पोरीला मी काय सांगायचं होतं?

मला भीती वाटते, अक्का. पेठेत हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही. दुकानात मी हमालांवर ओरडतो, व्यापाऱ्यांशी तास तास घासाघीस करतो, म्हणून सगळ्यांना वाटतं विनायकराव म्हणजे खमक्या माणूस. तू मला चारचौघांत 'भागूबाई' म्हणायचीस आणि मी चिडायचो. चिडायचो, कारण ते खरं होतं.

ही भीती कुठून आली तेही तुला सांगितलेलं नाही. आपण जुन्या हुबळीत राहत होतो तेव्हा तुला दम लागला की आई मला घराबाहेर काढायची. "विन्या, जा, कट्ट्यावर खेळ." मी कट्ट्यावर बसायचो, हातात गोट्या असायच्या, पण खेळ कसला? दाराआडून तुझ्या श्वासाचा आवाज यायचा. ओढून ओढून घेतलेला, मागे बारीक शिट्टी. तो मध्येच थांबला की माझाही थांबायचा. आत काय चाललंय ते मी कधी पाहिलं नाही. आई तुला कशी धरते, तू कशी बसतेस, आपले अप्पा काय देतात, काहीच नाही. मग केव्हातरी दार उघडायचं, तू घामाने भिजलेल्या केसांनी बाहेर यायचीस आणि म्हणायचीस, "काय रे, मेले वाटलं काय?"

मला तसंच वाटलेलं असायचं.

आणि तरी आपल्या घरात कुणाला दमा नव्हता. 'सर्दी' होती. आईने मरेपर्यंत तुझ्या दम्याला सर्दीच म्हटलं. पाहुणे आले की तुझा तोंडात मारायचा औषधाचा पंप पोह्यांच्या डब्यामागे जायचा. पंप दिसला की लोक विचारणार, विचारलं की बोभाटा होणार, मग मुलीचं कसं व्हायचं! तू पुढे लग्न केलं नाहीस ते पंपापायी नव्हे, तुला कुणी पसंतच पडलं नाही म्हणून. पण आईच्या मनातून ते गेलं नाही. आणि एवढी दमेकरी मुलगी पुढे झाली काय, तर पीटी टीचर. गळ्यात एक शिट्टी, छातीत दुसरी. नोकरीच्या मुलाखतीत तुला म्हणे विचारलं, तुम्ही मुलींना कशा पळवणार? आणि तू म्हणालीस, "त्या पळतील, मी ओरडेन." ही गोष्ट तू दर दिवाळीला सांगायचीस नि दर दिवाळीला आम्ही हसायचो.

शिबिर तू निवृत्त व्हायच्या आधीच सुरू केलंस. वीणा डॉक्टर, तुझीच जुनी विद्यार्थिनी, आता मुलांची डॉक्टर झालेली, ती तुझ्या जोडीला. गदग, नवलगुंद, कलघटगी, आपली हुबळी, कुठून कुठून पोरं यायची. मे महिन्यात त्यांच्या आया त्यांना माकडटोप्या घालून आणायच्या. पिशवीत स्वेटर, काढ्याची बाटली, आणि सोबत फर्मानं: केळं देऊ नका, दही देऊ नका, पंखा लावू नका, पळू देऊ नका. तू सगळं ऐकून घ्यायचीस, मान डोलवायचीस, आई-बाप फाटकाबाहेर गेले की पहिल्यांदा माकडटोप्या काढायचीस. दुपारी दहीभात. संध्याकाळी केळं. सकाळी प्रत्येकाने त्या आकड्यांच्या नळीत फुंकायचं, आपला श्वास आज किती आहे ते स्वतः बघायचं, पंप स्वतः घ्यायचा, सगळ्यांसमोर घ्यायचा. पोह्यांच्या डब्यामागे नव्हे.

एका वर्षी मी धारवाडला माल पोचवायला आलो होतो तेव्हा कुंपणाबाहेर गाडी लावून बघत उभा राहिलो. एक बारकी पोरगी पळत होती. पळता पळता थांबली, वाकली, गुडघ्यांवर हात ठेवले. माझा हात गाडीच्या दाराकडे गेला. तू तिथून चार हातांवर उभी होतीस आणि जागची हलली नाहीस. नुसती बघत राहिलीस. पोरीने खिशातून पंप काढला, घेतला, बसली, थोड्या वेळाने उठली आणि पुन्हा पळायला लागली. तू मग माझ्याकडे आलीस. "काय, भागूबाई?" मी म्हटलं, "तू जवळ का नाही गेलीस?" म्हणालीस, "मी गेले असते तर ती माझं तोंड बघत बसली असती. तिने आपल्या छातीकडे बघायला पाहिजे." तुझा मला अभिमान वाटला आणि रागही आला. जान्हवीला असं कुणी चार हातांवरून नुसतं बघत राहिलं तर माझं काय होईल, हेच मनात येत होतं.

आपलं भांडण ते हेच. वर्षानुवर्षांचं. तू आई-बापांना फाटकाच्या आत येऊ द्यायची नाहीस. तुझं म्हणणं, आई-बापाची भीती पोरांच्या छातीत उतरते. माझं म्हणणं, मग आमची भीती घालव की. आम्हाला पण शिकव. तू म्हणायचीस, "तुम्हाला शिकवायला वेळ नाही, तुम्ही फाटकाबाहेर बसून भजी खा." गमतीत म्हणायचीस, पण फाटक उघडलं नाहीस.

शेवटचं भांडणही त्यावरच झालं, आमच्या घरी, जेवताना.

तो तुझ्या गल्लीत मिरची भाजायचा दिवस होता. धारवाडच्या मालमड्डीतल्या तुझ्या गल्लीची ही रीत मला फार आवडायची. वर्षाचं तिखट करायचं तर बायका एकमेकींत ठरवून एकाच दिवशी ब्याडगी मिरची भाजायच्या, म्हणजे त्या खकाण्यापायी टीचरना वर्षातून एकदाच घर सोडावं लागेल. आदल्या दिवशी शेजारची शांतव्वा तुझ्या दारात येऊन सांगायची, आणि तू सकाळीच बस धरून हुबळीला आमच्याकडे. त्या दिवशी जान्हवीची शाळा बुडायची, सुनंदा तुझ्यासाठी थालीपीठ लावायची. आमच्या घरात तो सणच असायचा.

त्या दिवशी तू ताटावर बसून शिबिराचं सांगत होतीस. यंदा मुलं जास्त, गाद्या कमी. आणि मला काय बुद्धी झाली, मी पुन्हा विषय काढला. म्हटलं, "पोरांना शिकवतेस ते ठीक. पण पोराला बोलताच आलं नाही, अशी वेळ आली तर? तेव्हा जवळ जो कोण असेल त्याला काय कळणार?"

"ती वेळ यायच्या आधीच सगळं करायचं असतं, विन्या."

"आणि आली तर?"

"येत नाही म्हटलं ना. जरा पाटवडी वाढ."

"तू उत्तर देत नाहीयेस, अक्का."

"तुला शिकवण्यापेक्षा मी म्हशीला शिकवेन बा," तू म्हणालीस. जान्हवी खो खो हसली. मी ताटावरून उठलो नाही एवढंच. रात्री राहा म्हटलं तर राहिली नाहीस. शिबिराच्या गाद्या बघायला कुणी येणार होतं. "सकाळीच भाजून झालं असेल की सगळं," म्हणत चप्पल घातलीस. जाताना माझ्याशी बोलली नाहीस. रागाने नव्हे, स्टॉपवर जान्हवीच्या वेणीची रिबीन सुटली होती ती बांधत होतीस, आणि बस आली.

अंधार पडायच्या आत फोन आला.

तू गेल्यावर जे जे भेटायला आले त्यांच्याबद्दल तुला सांगायला हवं, तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. प्रत्येकाला तुझी काहीतरी चूक हवी होती. कुणी विचारलं, पंप घरी विसरल्या होत्या काय? कुणी विचारलं, संपलेला होता काय? एकाने सांगितलं, पंपाची सवयच वाईट, एकदा लागला की सुटत नाही. एकाने थंड पाण्यावर खापर फोडलं. एक बाई म्हणाल्या, लग्न केलं असतं तर सोबतीला कुणी असतं. सगळे असं विचारायचे आणि मग त्यांच्या तोंडावर जरा हुशारी यायची. चूक सापडली की आपण वाचलो, कारण आपण ती करणार नाही. मला त्यांचा राग आला, पण मीसुद्धा तेच करत होतो. तुझ्या खोलीत जाऊन मी पंप हलवून बघितला. भरलेला होता. रोजचा पंपही होता. आकड्यांची नळी टेबलावर होती. वीणा डॉक्टरला तू स्वतः फोन केला होतास, रिक्षा बोलवायला स्वतः घराबाहेर आली होतीस. तुझी चूक नव्हती, अक्का. तू पोरांना जे जे शिकवलंस ते सगळं केलंस. तेव्हा मला खरी भीती वाटली. थंडगार.

मग एका दुपारी शांतव्वा आली. आली ती दारातच बसली, आत यायला तयार नाही. रडून रडून डोळे सुजलेले. तिने मला सगळं सांगितलं, कुणीतरी ऐकून घ्यावं म्हणून. तू रस्त्यावर भिंतीला धरून उभी होतीस. तिने पाहिलं, धावत आली, तुला धरून आपल्या घरात नेलं. तिच्या घरात सकाळी मिरची भाजली होती, कुटली होती. पण घर झाडून काढलं होतं आणि तिच्या नाकाला काही जाणवत नव्हतं. म्हणाली, "मलगिसिदिव्री. किटकि मुच्चिदिवि, गाळि बडिबारदंत." आडवं केलं. खिडकी लावली, वारं लागू नये म्हणून. पंखा बंद केला. छातीला तेल चोळलं, बायका भोवती बसल्या, एकीने पाय धरले. तू हाताने काही सांगत होतीस, पुन्हा पुन्हा उठायला बघत होतीस. "टीचर, मलगरी, मलगरी," असं म्हणत त्यांनी तुला प्रेमाने पुन्हा झोपवलं. रिक्षा येईपर्यंत.

हे सांगून ती म्हणाली, "आमच्याकडून होईल तेवढं केलं, अण्णा."

मी म्हटलं, "होय, शांतव्वा. तुम्ही होतात म्हणून ती एकटी नव्हती."

खरंच म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? त्या बाईने तुझ्यावर गेली कित्येक वर्षं जीव लावला. तिला मी काहीच सांगितलेलं नाही. पुढे सांगावं की नाही, मला ठरवता येत नाही. वीणा डॉक्टरला विचारलं. ती म्हणाली, "आडवं केलं म्हणून गेल्या असं कुणी सांगू शकत नाही, काका. अटॅकच फार मोठा होता. बसवलं असतं, हवा मोकळी ठेवली असती, तर टीचरना जरा सोपं गेलं असतं एवढंच."

जरा सोपं. हे दोन शब्द माझ्या मानगुटीवर बसले आहेत. दुकानात ठाण उलगडताना येतात, जेवताना येतात.

आणि माझी भीती तिथे थांबली नाही. मी तिथे असतो तर काय केलं असतं? मीही तेच केलं असतं, अक्का. आडवं केलं असतं, खिडकी लावली असती, पांघरूण घातलं असतं. आजारी माणसाला आपण आडवंच करतो. जान्हवीला दम लागतो तेव्हा सगळं सुनंदा बघते. मी चप्पल घालतो आणि रिक्षा आणायला पळतो. पन्नाशीला आलो तरी मी अजून त्या कट्ट्यावरच.

शांतव्वा गेली. मी वळलो तर जान्हवी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिने सगळं ऐकलं होतं. कन्नड तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं, शाळाच कन्नड. तोंड पांढरं पडलेलं. तू शिकवलेलं सगळं तिला पाठ, त्यामुळे आडवं करण्यात काय चुकलं ते तिला समजवावं लागलं नाही. त्या दिवसापासून तिने पळणं सोडलं. जिना चढताना मध्ये थांबायला लागली. एकदा सुनंदाने पंप हातात दिला तर म्हणाली, "याचा काय उपयोग? आत्याकडे पण होता." सुनंदाने मला आतल्या खोलीत नेलं आणि म्हणाली, "अहो, पोरगी विचारतीय त्याचं उत्तर द्या की. शिबिराला नेणार आहात की नाही?" मी म्हटलं, "आता कसलं शिबिर?"  

मग एके दिवशी शाळेतून येताना जान्हवी दुकानात आली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. खणांचे गठ्ठे उघडले की सुताची धूळ उडते म्हणून मी तिला दुकानात येऊ देत नाही, पायरीवरच बसवतो. पायरीवर बसून, रस्त्याकडे बघत तिने विचारलं, "अप्पा, मला दम लागला आणि मला बोलता आलं नाही, तर तुम्ही मला झोपवणार नाही ना?"

अक्का, माझ्या हातातला मीटरचा गज तसाच राहिला. 'नाही' म्हणायला काय लागतं? पण ती जे विचारत होती त्याचं उत्तर 'नाही' नव्हतं. झोपवणार नाही, मग काय करणार? मला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांच्या पोरीचा बाप, दमेकरी बहिणीचा भाऊ, आणि मला ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, "मला येत नाही गं काही."

ती म्हणाली, "मग तुम्ही पण चला शिबिराला. मी एकटी नाही जाणार."

मी धारवाडला वीणा डॉक्टरकडे गेलो. तिने शिबिर बंद करायचं जवळजवळ ठरवलं होतं. आई-बापांचे फोन येत होते, प्रत्येक जण नाव काढून घेत होता. ज्या बाईने शिबिर चालवलं तीच दम्याने गेली, मग पोरं कशाच्या भरवशावर पाठवायची? मी तिला म्हटलं, पहिला दिवस आई-बापांचा ठेव. आम्हाला आत घे. ती म्हणाली, "काका, टीचरनी हे चालू दिलं नसतं." मी म्हटलं, "मला माहीत आहे. तिच्याशी या गोष्टीवरून मी आयुष्यभर भांडलोय. अजून भांडतोय." वीणा डॉक्टर हसली आणि मग तिला रडू आलं.

म्हणून यंदा तुझं फाटक उघडं राहिलं, अक्का. तुझ्या मनाविरुद्ध. रागावायचं तर रागाव. त्या वादात तू बरोबर होतीस हे मी मानतो. माझी भीती जान्हवीच्या छातीत उतरते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण मीही बरोबर होतो, हे तू मानायच्या आधीच निघून गेलीस. हे भांडण मला जिंकायचं नव्हतं. असं तर मुळीच नाही.

मुलं थोडी आली, दरवर्षीच्या निम्मीही नसतील. पण आई-बाप सगळे आले. आजोबा आले, एक मामा आला. शाळेच्या व्हरांड्यात आम्हाला पोरांच्या बाकांवर बसवलं, गुडघे हनुवटीला लागले. वीणा डॉक्टरने दाखवलं. बसवायचं, पुढे वाकून. कपडे सैल. गर्दी करायची नाही. खिडकी लावायची नाही, मात्र बाहेर धूर असेल तर तिथून आधी हलवायचं. पंप कसा द्यायचा, मध्ये किती थांबायचं, कधी कशाची वाट न बघता दवाखाना गाठायचा. मी शाळेत कधी इतकं लक्ष दिलं नव्हतं. तू इथे असतीस तर 'म्हैस' म्हणाली असतीस.

मग तिने सगळ्यांना एकेक स्ट्रॉ दिली. फळांच्या रसाच्या डब्याला चिकटवलेली असते ना, तसली बारीक. म्हणाली, "उठा. जागच्या जागी पळा. मी सांगितलं की नाक दाबायचं, ओठ मिटायचे, आणि फक्त या स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा. चक्कर यायला लागली, छातीत दुखलं तर लगेच काढा." सगळे हसायला लागले. गदगचे एक किराणा दुकानदार, पोट सुटलेले, ते पळायला लागले तशी पोरं टाळ्या पिटायला लागली. मीही पळालो. जान्हवी समोर उभी राहून हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती.

वीणा डॉक्टरने हात वर केला. मी नाक दाबलं, स्ट्रॉ तोंडात धरली.

पहिला श्वास आला. दुसरा अर्धा आला. तिसऱ्याला मी जोर लावून ओढलं तर आलाच नाही, आणि आधीचा बाहेर जायला तयार नाही. छाती भरलेली आणि तरी हवा नाही. कानात ढोल वाजायला लागले. मला 'पुरे' म्हणायचं होतं. तोंड उघडता येत नव्हतं. मी हात हलवला. शेजारचे दुकानदार समजले मी गंमत करतोय, ते माझ्या पाठीवर थाप मारून हसले. मी पुन्हा हात हलवला. सगळे प्रेमाने माझ्याकडे बघत होते आणि कुणालाही काही कळत नव्हतं.

जान्हवीचं हसू थांबलं. ती जवळ आली. मला हात लावला नाही. माझ्यासमोर खाली बसली आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "अप्पा, घाई करू नका. ओढू नका. आधी सोडा. सावकाश सोडा. मी आहे इथं."

मी सोडला. बारीक धार जाते तसा सोडला. मग थोडी हवा आत आली. पुन्हा सोडला. ती माझ्याबरोबर ओठांचा चंबू करून फुंकत होती. वीणा डॉक्टर "झालं" म्हणाली, आणि मी स्ट्रॉ काढली, बाकावर बसलो, आणि सगळ्यांसमोर रडलो. दुकानदार गडबडले. जान्हवीने त्यांना हाताने मागे सारलं. गर्दी नको म्हणून.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "कळलं?"

मी मान हलवली.

"मग आता जा तुम्ही," ती म्हणाली, "बाकीचे दिवस आमचे आहेत." आणि मैदानात पोरं जमली होती तिकडे ती गेली. आधी चालत, मग पळत.

मी फाटकाबाहेर येऊन गाडीपाशी उभा राहिलो. भीती गेलेली नाही, अक्का, ती जाईल असंही वाटत नाही. फोन हातात होता आणि तो वाजू नये म्हणून मी त्याच्याकडे बघत होतो. दुसऱ्या मुठीत ती स्ट्रॉ होती, चावून चपटी झालेली. पोरं ओरडत होती, त्यांत जान्हवीचा आवाज ओळखू येत होता, आणि मी तिथे उन्हात उभा राहून एवढाच विचार करत होतो की मला तरी ती स्ट्रॉ तोंडातून काढता आली.